राहिलेल्या पाच पायऱ्या

गणपतीचा सहावा दिवस. दिघीच्या मंडळाची आरती कधीच आटपली होती, बायामाणसं घरी गेली होती आणि मांडवात राखणीला तीन-चार पोरं तेवढी उरली होती. आयुषनं मोबाइलवर कसलातरी भुताचा व्हिडिओ लावला होता आणि सगळी त्यात डोकी घालून बसली होती. अर्जुनराव जेवून शतपावलीला निघाले ते नेहमीसारखे मांडवात टेकले. थोडा वेळ त्यांनीही तो व्हिडिओ बघितला. मग म्हणाले, "बंद कर रे ते. पांढरी साडी आणि मोकळे केस. असं भूत असतं होय? खरं भूत आपल्या ओळखीचं असतं, म्हणून तर माणूस घाबरतो."

पोरांनी मोबाइल बाजूला ठेवला. अर्जुनरावांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.

आपल्या वरच्या आळीतला रविराज. तळवड्याला शेड आहे बघा त्याची, प्रेसच्या कामाची. पत्र्याचे ब्रॅकेट दाबून काढतो आणि चाकणच्या कंपन्यांना पुरवतो. त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे ही. त्यानं ती मला भर सकाळी सांगितली, रसवंतीच्या बाकड्यावर बसून, आणि उन्हात बसून सांगतानाही गडी सारखा मागे वळून बघत होता. त्यात पदरचं काही घातलेलं नाही. घालायची गरजच नाही.

गेल्या डिसेंबरातली एकोणतीस तारीख, रविवार. दुसऱ्या दिवशी सोमवती अमावास्या होती आणि तिच्यामागोमाग पौष लागणार होता. रविराजचं लग्न होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. दुसरं लग्न. नवी बायको वर्षाली, सांगवीची, तळवड्याच्याच आयटी पार्कात नोकरीला. शहाणी, शिकलेली पोरगी. लग्न झालं की जोडीनं खंडोबाला जायचं, ही त्यांच्या घराची रीत. पौष लागायच्या आत उरकून घ्या, म्हणून रविराजची आई, छबूबाई, सारखी मागे लागली होती. सोमवतीला टेकडीवर मुंगीला शिरायला जागा नसते. तेव्हा रविराज म्हणाला, आदल्या दिवशीच जाऊन येऊ, दोन तासांचं तर काम आहे. पिशवीत भंडारा, खोबरं, नारळ भरले आणि उन्हं उतरल्यावर जोडी निघाली.

टेकडी म्हणजे चाकणच्या पुढं, भामा नदीच्या अलीकडं आहे ती. आम्ही पिवळी टेकडी म्हणतो. मोबाइलच्या नकाशावर शोधू नका, तिथं ती दुसऱ्याच नावानं आहे.

आता तुम्हाला ती पायऱ्यांची रीत माहीत आहे का नाही, कोण जाणे. तुमची लग्नं हॉलमध्ये होतात आणि देवदर्शन गोव्याला! तर खंडोबाच्या पायरीशी आलं की नवऱ्यानं नवरीला उचलून घ्यायचं आणि पाच पायऱ्या चढायच्या. पाचच. पुढं ती आपल्या पायानं येते. बाकीचे भंडारा उधळतात, येळकोट करतात, हसतात. खेळच तो. पण बायका तो जन्मभर लक्षात ठेवतात.

रविराजची पहिली बायको तेजस्विनी. तेजू म्हणायचे तिला सगळे. तिचं लग्न लॉकडाऊनमधलं, दोन हजार वीसच्या मे महिन्यातलं. घराच्या अंगणात, तोंडाला मास्क लावून, मोजक्या माणसांत अक्षता पडल्या. देवळांना कुलपं. मग टेकडी राहिली ती राहिलीच. लॉकडाऊन उठला तेव्हा हा शेडच्या मागे लागला. कधी ऑर्डर, कधी कामगार पळाले, कधी लाइट नाही. तेजू मोटारसायकलवर मागे बसायची, त्याच्या पाठीवर दोनदा थापटायची. बसले, निघा, असा त्याचा अर्थ. आणि गाडी निघाली की कानाशी म्हणायची, "अहो, माझ्या पाच पायऱ्या राहिल्यात हं." हा म्हणायचा, जाऊ की, देव काय पळून चाललाय?

देव नाही पळाला. एकदा ऑपरेटर आला नाही, माल संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, म्हणून तेजू स्वतः प्रेसवर बसली. त्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच वरचा दट्ट्या खाली येतो. हात आत राहू नयेत म्हणून केलेली सोय ती. पण त्यानं काम हळू होतं. मग सगळ्या शेडवाल्यांची एक युक्ती असते. एका बटणात लाकडाची पाचर मारून ठेवायची, म्हणजे एक हात मोकळा. ती पाचर रविराजनं स्वतःच्या हातानं मारली होती. अति घाई, संकटात नेई, असं रस्त्यावर लिहिलेलं असतं ते वाचतो कोण? तेजूच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट गेलं. अंगठा आणि दोन बोटं राहिली. सासूनं, छबूबाईनं, जखम भरेपर्यंत रोज स्वतःच्या हातानं पट्टी बदलली. तेजू एका शब्दानं नवऱ्याला बोलली नाही. उलट हसून म्हणाली, आता मला गळ्याला घट्ट धरता येणार नाही, पायऱ्या चढताना तुम्हीच नीट धरा.

पुढच्याच पावसाळ्यात डेंगीनं गेली. चार दिवसांत खेळ आटोपला.

छबूबाईनं दुसरं लग्न ठरवताना सोनाराकडून एक टाक करून आणला. चांदीचा एवढासा पत्रा, त्याच्यावर बाईचं चित्र ठोकलेलं. मागच्या बायकोचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा असतो, सणाला आधी त्याला हळदकुंकू लावायचं आणि मग स्वतःला. मान असतो तो थोरलीचा. त्या रविवारी निघताना म्हातारीनं तो रविराजच्या हातात दिला आणि बजावलं, "पायरीपाशी गेल्यावर ह्यो वर्षालीच्या गळ्यात घाल. आन मग उचल. थोरलीबी वर गेली पायजे. तिचं ऱ्हायलंय."

आणि इथं रविराजनं माती खाल्ली. त्यात पाप नव्हतं हो त्याच्या मनात. वर्षालीला आधीची बायको होती हे माहीत होतं, पण टाक-बिक हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. हा विचार करत बसला, नव्या पोरीला काय वाटेल, पहिल्याच देवदर्शनाला मेलेल्या सवतीला गळ्यात बांधायचं? आणि खरं म्हणाल तर त्याला स्वतःलाच तो टाक बघवत नव्हता. त्यानं तो गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदांखाली सरकवला. आईला सांगायचं, घातला म्हणून. कोण बघायला येतंय?

मोशीला गाड्यांची ही रांग. कंटेनरच्या मागे कंटेनर. तिथंच गाडी टिंग टिंग करायला लागली. मागच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की हल्लीच्या गाड्या बोंब मारतात ना, तसली टिंग टिंग. वर्षाली म्हणाली, नारळाच्या पिशवीचं वजन झालं असेल. हात मागे करून तिनं पिशवी पुढं घेतली, मांडीवर ठेवली.

टिंग टिंग थांबली नाही.

चाकण ओलांडलं तरी चालूच. रविराजनं आरशात बघितलं. मागची सीट मोकळी. सेन्सर बिघडला असेल, सर्व्हिसिंगला टाकू, असं काहीतरी तो पुटपुटला आणि गाण्यांचा आवाज वाढवला. टेकडीच्या पायथ्याशी लिंबाखाली गाडी लावली, आणि यांनी दारं उघडायच्या आतच आवाज आपोआप बंद झाला. जणू मागचं माणूस आधीच उतरलं.

तिन्हीसांजा टळून गेल्या होत्या. उद्याच्या जत्रेसाठी बांबू आणि ताडपत्र्या येऊन पडल्या होत्या, पण माणूस नव्हतं. डोंगर काळा आणि मागे लांबवर कंपन्यांचे दिवे. पायऱ्यांच्या खांबांवरच्या ट्यूबा खाली दोन-चार चालू, वरच्या सगळ्या बंद. वर्षालीनं चपला काढल्या, हिरव्या साडीचा पदर खोचला आणि हसत हात पसरले. तिला ही रीत मैत्रिणींनी सांगितलेली होती. रविराजनं उचललं.

पहिली पायरी, दुसरी पायरी, काही नाही. पोरगी अंगानं शेवग्याची शेंग. तिसऱ्या पायरीला त्याचे गुडघे वाकले. शेडमध्ये दोन गड्यांनी मिळून उचलायचा प्रेसचा लोखंडी साचा एकट्यानं छातीवर घ्यावा, तसं ते ओझं झालं. चौथ्या पायरीला डोळ्यांपुढं काजवे. पाचवीवर त्यानं तिला जवळजवळ टाकलीच. वर्षाली हसत होती, म्हणत होती, एवढी जड आहे का मी? तो हसला नाही. कारण पाचवीवर पाय ठेवता ठेवता त्याच्या पाठीवर कुणीतरी थापटलं होतं. दोनदा.

वर्षालीच असेल. तिचे हात त्याच्या गळ्यात होतेच की. त्यानं स्वतःची समजूत घातली आणि वर चढायला लागला.

वर देवळात एकटा गुरव होता. खंडू त्याचं नाव, देवाचंच. तो गाभारा बंद करायच्या बेतात होता, पण नवी जोडी बघून थांबला. तळी उचलली, भंडारा उधळला, दोघं नखशिखान्त पिवळी झाली. एक नारळ फुटला, पण दुसऱ्याच्या वेळी रविराजचा हात चुकला आणि तो नुसताच गडगडत गेला. खंडू म्हणाला, असू द्या, एक फुटला तेवढा पुरे, दुसरा घरी न्या प्रसादाचा. मग त्यानं दाराला कडी घातली. त्याची मोटारसायकल मागच्या कच्च्या रस्त्यावर होती. जाताना एवढंच म्हणाला, पायऱ्या गुळगुळीत झाल्यात आणि मधे घळीच्या बाजूचा कठडा पडलाय, एकमेकांचा हात सोडू नका. गाडीचा आवाज डोंगरामागे उतरत गेला... आणि मग काहीच नाही.

दीपमाळेपाशी वर्षालीच्या साडीची पिन निघाली. ती म्हणाली, "रवी, तू हो पुढं, मी पिन लावून आलेच." रविराजच्या मोबाइलची बॅटरी संपत आली होती. त्यानं तो बंद करून खिशात टाकला आणि अंदाजानं पाच-सहा पायऱ्या उतरून उभा राहिला. अमावास्येची आदली रात्र. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. गारठा मी म्हणत होता.

मागून पावलं आली. अनवाणी. बांगड्या किणकिणल्या आणि एक हात त्याच्या हातात शिरला.

चल, तो म्हणाला. दोघं उतरू लागली. हात गार होता, पण थंडीच तेवढी होती. ती काही बोलत नव्हती. दमली असेल. अंधारात तोंड दिसत नाही तेव्हा माणसाला बोलायला सोपं जातं, तसं रविराजला वाटलं, आता सांगून टाकावं. आणि त्यानं सांगितलं. आईनं तेजूचा टाक दिला होता. तुझ्या गळ्यात घालायला. मी तो गाडीत लपवून ठेवला. तुला वाईट वाटेल म्हणून. खरं म्हणजे मलाच तोंड नव्हतं. बटणात पाचर मी मारली होती, हे मी तुला सांगितलेलं नाही. आणि तिचं एकच मागणं होतं. पाच पायऱ्यांचं. मी जाऊ जाऊ म्हणत राहिलो.

त्याला रडू फुटलं. हातातला हात घट्ट झाला.

बरं वाटलं त्याला. समजून घेतलं तिनं, असं वाटलं. तो हात त्यानं आणखी जवळ ओढला आणि आपण चाळा करतो ना, तसा तिच्या बोटांवरून अंगठा फिरवायला लागला.

पहिलं बोट.

मधलं बोट.

आणि पुढं... काही नाही.

पुढं गुळगुळीत, टणक कातडं. बरी झालेली जखम. ती जागा त्याच्या अंगठ्याच्या ओळखीची होती.

त्याच वेळी वरून, लांबून, दीपमाळेकडून आवाज आला. "रवी... थांब ना. एकटाच कुठं चाललास?"

रविराजची पाचावर धारण बसली. मान वळेना. ओरडायचं होतं, येऊ नकोस म्हणायचं होतं, तोंडातून वारा तेवढा निघाला. हात सुटत नव्हता. तो ओढत होता आणि तीन बोटं त्याला धरून होती. शेजारी श्वास नाही. पाऊल नाही. नुसता हात.

वर मोबाइलचा उजेड हलला. वर्षाली उतरायला लागली होती. भराभर. त्याला गाठायला. उजेड डावीकडं, उजवीकडं. पडलेला कठडा मधेच होता. ते त्याला आठवलं.

"वर्षा..."

एवढंच आलं. तेवढ्यात वर पाय घसरल्याचा आवाज. किंकाळी. उजेड हवेत गरकन फिरला आणि विझला.

आणि त्याच क्षणाला त्याच्या हातातला हात सुटला.

अंधारात काहीतरी घळीत पडत गेलं. आपटत, आपटत... खाली, खूप खाली. मग थांबलं.

रविराज सांगत होता, तेवढ्या वेळात मी दोनदा मेलो. एकदा वाटलं वर्षाली गेली. आणि दुसऱ्यांदा वाटलं, माझा हात सोडून ती कुठं गेली? वरच गेली ना? तिच्याकडंच गेली ना?

तो चार पायांवर वर चढला. गुडघे फुटले, नखं निघाली. एक पायरी, दुसरी पायरी, हात चाचपत. शेवटी हाताला साडी लागली. वर्षाली पायरीवर बसलेली होती. अगदी कडेला, कठडा पडला होता तिथं. दोन्ही पाय घळीच्या तोंडावर लोंबत होते आणि ती जागची हलत नव्हती. घळीत गेला तो नारळ, पिशवीतला. तिचा मोबाइल बाजूला उपडा पडलेला. त्यानं तिला काखेत हात घालून मागे ओढलं आणि छातीशी धरलं. तिचे दात वाजत होते. ती म्हणाली,

"पाय सटकला... आणि मागून हात लागला."

कुणाचा, हे त्यानं विचारलं नाही.

दोघं बसल्या बसल्या, एकेक पायरी सरकत खाली आली. उभं राहायची छाती होईना. पायथ्याला ट्यूबच्या उजेडात आल्यावर रविराजनं तिला सगळं सांगितलं, मघाशी जे दुसऱ्याच कुणाला सांगून झालं होतं ते सगळं. पाचर, बोटं, पायऱ्या, टाक. आणि हातात आलेला तो हातही. वर्षाली ऐकत राहिली. घाबरली होती पोर, ओठ पांढरे पडले होते. दुसरी असती तर गाडीत बसून काचा वर केल्या असत्या आणि सकाळी माहेर गाठलं असतं. ती म्हणाली, "कुठं आहे तो टाक? आण. माझ्या गळ्यात घाल आणि उचल आम्हाला."

रविराज म्हणाला, नको, आता इथून जाऊ. तर म्हणाली, जाऊन कुठं जाणार, ती आपल्याबरोबरच आली होती, गाडीत मागे बसून. टिंग टिंग कशाची होती, असं तुला वाटलं?

त्यानं कप्प्यातून टाक काढला. दोऱ्याची गाठ तिनंच मारली. मग त्यानं उचललं.

एक.

दोन.

तिसऱ्या पायरीला त्यानं डोळे मिटून घेतले. आता ओझं येणार. आलं नाही.

चार. वर्षाली रडत होती. आवाज न करता.

पाच.

फुलासारखी हलकी. तो उभा राहिला. आणि पाठीवर थापटलं. दोनदा. हळू. ह्या वेळी त्याचे डोळे उघडे होते आणि वर्षालीचे दोन्ही हात त्याच्या डोळ्यांपुढं होते, गळ्यातल्या टाकावर जोडलेले.

गाडी चालू केली. दिवे लागले. फाट्यापर्यंत शांत. चाकणच्या चौकात, उजेडात, ट्रकांच्या गर्दीत आल्यावर जरा जीव भांड्यात पडतोय तोच...

टिंग. टिंग.

रविराजचा पाय ब्रेकवरच गेला. वर्षाली मागे वळली नाही. नुसता हात मागे टाकून तिनं रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खटकन लावला. आवाज थांबला. दिघी येईपर्यंत दोघांपैकी कुणी आरशात बघितलं नाही.

दारात छबूबाई भाकरतुकडा घेऊन उभीच होती. दोघांवरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. सुनेच्या गळ्यात टाक बघून म्हातारीचं तोंड उजळलं. वर्षाली वाकून पाया पडली आणि म्हातारीची नजर तिच्या पाठीवर गेली. हिरवा ब्लाउज. दोन खांद्यांच्या मधोमध भंडाऱ्याचा पिवळाधमक हात उमटलेला.

आता तुम्ही म्हणाल, देवळात भंडारा उधळलेला, नवऱ्यानं उचलून घेतलेलं, त्याचाच हात उमटला असेल. रविराजचा पंजा बघितलाय का कधी? फावडं आहे. हा बाईचा हात. डावा. छबूबाईनं त्याच्यावर आपला हात ठेवून बघितला आणि तिथंच खाली बसली. इतके दिवस रोज पट्टी बदललेला हात ती विसरेल होय?

अर्जुनराव थांबले. मांडवात समईची वात तेवढी चुरचुरत होती. आयुषनं विचारलं, "म्हणजे तिनं ढकललं का धरलं?"

तेच तर रविराजनं मला विचारलं, अर्जुनराव म्हणाले. धरणारा हात कापड मुठीत आवळतो, चुण्या पडतात. हा तर सपाट उमटलाय, ढकलल्यासारखा. पण ढकललेलं माणूस पुढं जातं, आणि वर्षाली मागे बसली होती, पायरीवर. छबूबाई म्हणते धरलं. वर्षाली काहीच म्हणत नाही. सणाला आधी टाकाला कुंकू लावते, मग स्वतःला, आणि तेजूच्या फोटोकडं पाठ करून कधी उभी राहत नाही.

साडीचा भंडारा एका धुण्यात गेला. ब्लाउजच्या बाह्यांचा, गळ्याचा सगळा गेला. तो एक हात गेला नाही. साबण झाला, सोडा झाला, लिंबू झालं. काल सकाळीही त्यांच्या गच्चीत दोरीवर वाळत होता. उन्हात चांगला दिसतो, खालच्या रस्त्यावरून सुद्धा. अंगठा... आणि दोन बोटं.